पोटाखालचं लोखंड

वसईत ट्रक म्हातारा होतो तो खालून. केबिनला वर्षाआड रंग मिळतो. हौद्याच्या फळ्या सडल्या की बदलल्या जातात. इंजिनाचं काम निघालं तर ते आवाजावरूनच कळतं. पण हे सगळं ज्या दोन लांब लोखंडी चॅनलांवर उभं असतं, त्या चेसिसकडे वर्षभर कुणी वाकून पाहत नाही. पासिंगची, म्हणजे सरकारी योग्यता तपासणीची, तारीख जवळ आली की गाडी धुवायची, खालून काळ्या रंगाचा एक हात मारायचा आणि तारीख निभावून न्यायची, अशी रीतच पडून गेली आहे. काळ्या रंगाखाली गंज आपलं काम चालू ठेवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा काळा हात बसतो.

गेल्या हिवाळ्यात वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीत मी याच्या नेमकं उलटं काम पाहिलं. नारळ-केळीच्या वाडीत घरापुढे मोकळं अंगण आणि त्या अंगणात चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेला जुना टाटा ४०७. घरातले सगळ्यात मोठे, त्यांना अख्खी आळी काका म्हणते, आणि आयटीआयचा फिटर असलेला त्यांचा पुतण्या, असे दोघं मिळून गाडीची चेसिस उघडी करून, साफ करून, नव्याने रंगवत होते. महामार्गावरच्या गॅरेजात दोन दिवसांत उरकणाऱ्या कामाला त्यांनी नाताळच्या आधी हात घातला होता आणि जानेवारी उलटला तरी ते चालूच होतं.

ही गाडी त्यांच्या घरात भाजीपाल्यासाठी आली. वसईची भाजी, केळी, फुलं पहाटे दादरच्या बाजाराला पोचवायची तर मोठा ट्रक परवडत नाही आणि तीनचाकीत माल मावत नाही. १९८६ साली टाटांनी पुण्याच्या कारखान्यातून ४०७ बाजारात आणला, तो याच मधल्या गरजेसाठी. त्या काळात टोयोटा, माझदा, निसान, मित्सुबिशी अशा जपानी कंपन्या भारतीय भागीदार गाठून हलके ट्रक विकायला उतरल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर इथेच आरेखन झालेला ४०७ टिकला. त्याआधीचा इतिहास वेगळा होता. टाटांची टेल्को १९४५ साली निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ साली डाइमलर-बेन्झशी करार झाला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले. १९६९ साली तो करार संपला आणि नाकावरच्या तीन टोकांच्या चांदणीच्या जागी टाटांचं अक्षर आलं. जुने चालक त्या गाड्यांना अजून ‘टाटा मर्सिडीज’च म्हणतात.

इतक्या वर्षांत चेसिसची मूळ रचना मात्र फारशी बदललेली नाही. लांबीच्या दिशेने दोन चॅनल, त्यांचं तोंड आतल्या बाजूला, आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. जोड बहुतेक रिवेटचे. वेल्डिंगने हे जोड सोपे झाले असते, पण खड्ड्यातून जाताना चेसिस थोडी पिळली जाते, आणि रिवेटचा जोड तो पीळ सहन करतो. वेल्डिंगच्या कडेला मात्र उष्णतेने लोखंडाचा स्वभाव बदलतो आणि तिथूनच चीर सुरू होते. म्हणून पुतण्याने पहिल्याच दिवशी काकांना बजावलं होतं, “काका, भोक सापडलं तरी इथे वेल्डिंग करायचं नाही. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला तर हातच लावायचा नाही.”

वसईत हे काम जड का होतं, ते इथल्या हवेत आहे. पश्चिमेला अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत समुद्र, दक्षिणेला खाडी, मधे नायगाव, उमेळे, जूचंद्रची मिठागरं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. किनाऱ्यालगतच्या काहीशे मीटरांत त्यांचा मारा सर्वाधिक, आत जाल तसा तो झपाट्याने उतरतो. हे मीठ लोखंडावर नुसतं बसून राहत नाही. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून कितीतरी कमी दमटपणात ओलावतात. म्हणजे पाऊस नसला, गाडी छपराखाली उभी असली, तरी पहाटे चेसिस ओली असते.

पावसाबद्दल तर आपला समजच उलटा आहे. आपण म्हणतो, पावसाने गाडी गंजते. उलट केबिनचा पत्रा पाऊस धुऊन काढतो, त्याच्यावरचं मीठ वाहून जातं. चेसिस हौद्याच्या आडोशाला असते. तिच्यावर रस्त्याचं पाणी आणि चिखल उडतो, पण तिला धुवेल असा पाऊस तिच्यापर्यंत पोचत नाही. आडोशाचं लोखंड उघड्या लोखंडापेक्षा जास्त गंजतं, ते यामुळे. त्यात इथे पाणी तुंबतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या आणि वसईच्या मिठागर वस्तीत लोक अडकले, तेव्हा सखल भागात उभ्या असलेल्या गाड्यांची चेसिस कित्येक तास पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, सीट यांची काळजी घेतली गेली. चॅनलच्या पोटात बसलेला गाळ काढणारे थोडेच.

त्या अंगणात काम सुरू झालं ते खुरप्याने. चॅनलच्या खालच्या पट्टीवर वर्षानुवर्षांचा चिखल, ग्रीस आणि डिझेल मिळून असा थर झाला होता की तारेचा ब्रश त्यावरून नुसता घसरत होता. काकांनी वाडीतलं खुरपं आणलं, त्याच्या टोकाने तो थर कडेपासून उचकटायला सुरुवात केली. सुकलेल्या केळीच्या पानाचे तुकडे, फळीचा भुसा, कुठल्याशा बाजारातली सुतळी, एक गंजलेला बोल्ट, असं बरंच काही त्यातून निघालं. खालच्या पट्टीला पाणी निचरायला कारखान्यातून दिलेली भोकं असतात. ती सगळी बुजलेली होती. तारेने एकेक भोक मोकळं केलं तेव्हा एकातून चक्क पाणी आलं. पाऊस संपून दोन महिने झाले होते.

मग हातोडी. हे काम मी पूर्वी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पुतण्या लहान हातोडीने वीतभर अंतरावर ठोके देत चॅनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत होता. चांगल्या लोखंडावर ठोका पडला की स्वच्छ ठण्ण आवाज येतो आणि हातोडी उसळून परत येते. आतून खाल्लेल्या जागी आवाज बद्द होतो आणि पापुद्रा सुटून खाली पडतो. अशा प्रत्येक जागी काका खडूने गोल करत होते. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, जिथे मूळ चॅनलला आतून दुसरा पत्रा रिवेटने बसवलेला असतो, तिथे गोलाला गोल लागले. दोन पत्र्यांच्या फटीत गंज धरला होता. लोखंडाचा गंज झाला की त्याची जागा कित्येक पटींनी वाढते. तो फुगतो आणि दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून लोटतो. तिथला पत्रा दोन रिवेटच्या मधे फुगून बाहेर आला होता. हे घरचं काम नव्हतं आणि त्यांनी ते घरी केलंही नाही. सातिवलीकडचा एक जाणता कारागीर बोलावला. त्याने रिवेट काढून, मधला गंज साफ करून, नेमक्या मापाचे बोल्ट आवळून दिले.

हौदा उचलणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग. हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडाची पट्टी असते. धक्का सोसायला तिचा उपयोग, पण ती पाणी धरून ठेवते. तिच्याखालची चॅनलची वरची पट्टी बाहेरून कधीच दिसत नाही. यू बोल्ट सोडून, एकेका कोपऱ्याला जॅक लावत, दर बोटभर उचलीला खाली लाकडी ठोकळा सरकवत त्यांनी हौदा वर घेतला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली घुसायचं नाही, हा नियम पुतण्याने एकदाही मोडू दिला नाही. पट्टी काढल्यावर खाली सापडलेलं लोखंड पावाच्या कडेसारखं थरांथरांनी सुटत होतं. गॅरेजातला काळा हात या जागेपर्यंत कधी पोचलाच नव्हता, पोचणं शक्यच नव्हतं.

खरं सांगायचं तर या कामात रंगाचा वाटा अगदी शेवटचा आणि थोडा आहे. दहातले आठ दिवस साफसफाईचे. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून पुतण्या सपाट भाग घासत होता. डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा, तोंडावर गाळणीचा मास्क, अंगात जाड बाह्यांचा सदरा. त्या ब्रशची तार तुटून उडते आणि सुईसारखी शिरते, हे त्याने आयटीआयच्या वर्कशॉपातच पाहिलेलं. ग्राइंडर लावण्याआधी बॅटरी सोडलेली, डिझेलची टाकी काढून दूर ठेवलेली. जिथे ग्राइंडर जात नाही तिथे हाताचा तारेचा ब्रश, त्याहून अरुंद जागी पॉलिश पेपरची पट्टी दोन्ही हातांनी ओढायची. रिवेटच्या डोक्याभोवतीचा गोल घासायला एका रिवेटमागे किती वेळ जातो हे ज्याने केलं त्यालाच कळेल.

यानंतर आला तो पाण्याचा प्रश्न. तेल-ग्रीस काढायला त्यांनी साबणाचं गरम पाणी आणि ब्रश वापरला. गंजाच्या खड्ड्यांत मीठ खोल बसलेलं असतं, ते फक्त गोड्या पाण्याने वारंवार धुऊन निघतं. ते तसंच ठेवून वर रंग चढवला तर रंगाखाली फोड येतात. पण धुवायचं कशाने? काकांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आहे. चेसिस त्या पाण्याने धुतली असती तर जे काढायचं तेच पुन्हा लावल्यासारखं झालं असतं. शेवटची सगळी धुलाई त्यांनी नळाच्या पाण्याने केली, सूर्या धरणातून येणारं पाणी पिंपात साठवून.

ही विहीर मचूळ का झाली, ते वसईकरांना नव्याने सांगायला नको. या पट्ट्यातल्या विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाड्यांमधली तळी, गोड्या पाण्याची होती. नव्वदच्या दशकात शहर फुगलं, इमारतींना पाणी हवं होतं आणि ते वाडीवाडीतून पंपाने उपसून टँकरने जाऊ लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हरित वसईची चळवळ उभी राहिली त्यामागे जमिनीइतकाच हा पाण्याचा प्रश्न होता. जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की खालून समुद्राचं पाणी आत सरकतं आणि सरकलेलं पाणी सहजी मागे हटत नाही. वाडीचं पाणी ट्रकांनीच वाहून नेलं आणि आज वाडीतल्या ट्रकला अंघोळ घालायला गोडं पाणी नाही. काका हे कडवटपणाने बोलत नव्हते. ते एवढंच म्हणाले, “आमच्या लहानपणी या विहिरीवर बैल धुवायचो. बैलांना काय, आम्हीच प्यायचो ते पाणी.”

म्हणूनच धुवण्याचं पाणी कुठे जातं यावरही त्यांची नजर होती. उतार विहिरीकडे होता, तिथे मातीचा बांध घातला. खरडलेला गाळ आणि जुन्या रंगाचा चुरा ताडपत्रीवर गोळा करून गोणीत भरला. माझ्या मते या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती सगळ्यात कमी केली जाते. जुन्या गाडीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, पण ते घरगुती रंगांपुरते. गाडीच्या चेसिसवर पूर्वी काय काय चढलं असेल ते कोण सांगणार! अंगणात मुलं खेळतात, कोंबड्या दाणे टिपतात. त्या अंगणात हा चुरा उडवून द्यायचा नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

शिशाचा आणि लोखंडाच्या रंगाचा संबंध जुना. मारुतीला लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. तेच ऑक्साइड जवसाच्या तेलात घोटून जहाजांना, पुलांना गंजरोधक अस्तर म्हणून पिढ्यानपिढ्या लावलं गेलं, जगभर. गंज थोपवण्यात त्याला तोड नव्हती, आणि विषारीपणातही ते कमी नव्हतं. आज दुकानात ‘रेड ऑक्साइड’ म्हणून मिळतं ते लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे रंगद्रव्याच्या दृष्टीने गेरूच. गंज आणि गेरू एकाच घराण्यातले. गंज थोपवण्याचं काम या रंगद्रव्याचं एकट्याचं नाही. त्याला बांधणारं माध्यम आणि सोबत घातलेले जस्ताचे क्षार ते काम करतात. जुन्या प्रायमरमध्ये जस्ताचं क्रोमेट असे, तेही फुफ्फुसाला घातक. आता झिंक फॉस्फेटवाले प्रायमर मिळतात. पुतण्याने डब्यावरची बारीक अक्षरं वाचून तोच घेतला.

प्रायमरच्या आधी खड्ड्यांतल्या उरलेल्या गंजावर त्याने गंज बदलणारं द्रावण लावलं. त्यातल्या काही प्रकारांत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. टॅनिनवालं द्रावण लावल्यावर तांबडा गंज बघता बघता निळसर काळा होत गेला. आपल्याकडे हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं. लोखंडाशी ते मिळालं की काळी शाई होते, पोथ्या लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. पण हे द्रावण म्हणजे घासण्यातून सुटका नव्हे. सुटा पापुद्रा तसाच ठेवून त्यावर ते ओतलं तर वरची कातडी तेवढी काळी होते आणि आत गंज जिवंत राहतो.

उघडं केलेलं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही, हे वसईत फार कडक पाळावं लागतं. पौषातल्या थंडीत पहाटे दव पडतं आणि सकाळी चकचकीत घासलेल्या पट्टीवर नारिंगी छटा आलेली असते. म्हणून ते दोघं एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढंच घासत होते. ऊन चढून लोखंड हाताला कोमट लागल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि उन्हं कलली की ब्रश धुवायचा. प्रायमर स्प्रेने मारला नाही. हाताच्या ब्रशने खड्ड्यात दाबून भरला. आधी सगळ्या कडा, भोकांचे काठ आणि रिवेटची डोकी, कारण तिथे रंग ताणून पातळ होतो आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. मग सपाट भाग. प्रायमरचे दोन हात, मधे एक दिवस सुकायला. त्यावर काळ्या एनॅमलचे दोन. ब्रेकचे रबरी पाइप, ग्रीस निपल, पाट्याची पानं आणि अर्थिंगचा जोड यांना कागद आणि चिकटपट्टी गुंडाळलेली. अर्थिंगच्या जागी रंग बसला तर दिवे मंद होतात आणि माणूस दिवसभर वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो.

आणखी एका जागेला त्यांनी ग्राइंडर लावला नाही. चॅनलवर पंच केलेला चेसिस नंबर. तिथे केवळ मऊ ब्रश, रॉकेलचा बोळा आणि वर ग्रीसचा पातळ थर. गाडी विकायची, नावावर करायची, काहीही करायचं तर या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासलेली छाप द्यावी लागते. उत्साहाच्या भरात कुणी तो नंबर घासून पुसट केला तर पुढे परिवहन कार्यालयात खुलासे देत बसावं लागतं. कागदोपत्री गाडीची ओळख त्या चार इंचांतच आहे.

पासिंग इथे विरार पूर्वेला चंदनसारच्या कार्यालयात. गाडीवर एमएच ४८, मुंबई-अहमदाबाद महामार्गही आता राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा आठ. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचं धोरण आलं आणि एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क एकदम वाढलं. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून हटायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण चांगलं लोखंड केवळ हयगयीने भंगारात जाऊ देणं हीही उधळपट्टीच, आणि ४०७सारखी घरची गाडी ज्याच्या पोटापाण्याची आहे त्याला नवी गाडी म्हणजे नवं कर्ज.

चेसिस गंजण्याचा प्रश्न आपल्याच गरीब रस्त्यांचा आहे असं कुणाला वाटेल. पण अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे टोयोटाच्या पिकअप गाड्यांच्या चेसिस अशा गंजल्या की २०१६ साली कंपनीला सुमारे १५ लाख गाड्यांच्या मालकांशी तडजोड करावी लागली. तिचा खर्च ३ अब्ज डॉलरच्या वर जाईल असा अंदाज होता. आपल्या ट्रकचं उघडं चॅनल या बाबतीत भाग्याचं. त्याचं पोट उघडं आहे, हात आत जातो, ब्रश आत जातो. ज्याला निगा ठेवायची त्याला ते ठेवू देतं.

महामार्गावर वालीव, चिंचोटी, पेल्हारच्या बाजूने गेलात तर गॅरेजांची रांग लागते. डेंटर, पेंटर, पाटेवाले, वेल्डर. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली पोरं गाडीखाली पाठीवर पडून, तोंडाला फार तर रुमाल बांधून खरडत असतात. त्यांच्या हातात कसब कमी नाही. त्यांना वेळ मिळत नाही. गाडी उभी राहिली की मालकाचं भाडं बुडतं, म्हणून मालक घाई करतो. घाईत गंजावर काळा हात बसतो. काही ठिकाणी तर रंगही नाही, जळकं इंजिन ऑइल फवारतात. ते काही महिने गंज रोखतं हे खरं, पण धूळ धरतं, जमिनीत झिरपतं आणि एकदा लोखंडात मुरलं की पुढे तिथे रंग धरत नाही. कायद्याने हे वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. काकांच्या गाडीला मागे कधीतरी तेच मारलेलं होतं आणि ते काढण्यात सगळ्यात जास्त साबण गेला.

हौदा पुन्हा बसवताना लाकडी पट्टीच्या जागी त्यांनी जाड रबराच्या पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी घातल्या, मधून पाणी निघून जावं म्हणून. हे बघायला पाचूबंदरकडचा एक मासळीचा टेम्पोवाला दोनदा येऊन गेला. मासळीच्या गाडीचे हाल सगळ्यांत वाईट. बर्फ वितळून मिठाचं पाणी हौद्यातून सरळ चेसिसवर ठिबकतं, रोज, बारा महिने. त्याची गाडी ४०७च्या निम्म्या वयाची आणि मागचा क्रॉस मेंबर हाताने चुरगळेल असा झालेला. पुतण्याने त्याला आधी रंगाचं काही सांगितलंच नाही. हौद्याच्या तळाला पन्हळ लावायची, तिला रबरी नळी जोडायची आणि ती चॅनलच्या बाहेर, चाकाच्या मागे उतरवायची, असं जमिनीवर काडीने आखून दाखवलं. क्रॉस मेंबर बदलायला सातिवलीच्या त्याच कारागिराचा नंबर दिला. टेम्पोवाल्याने नळी कुठल्या दुकानात मिळेल ते विचारून घेतलं, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असताना गाडी इथेच आणून लावायची असं काकांशी ठरवलं. पुतण्या म्हणाला, “तेव्हा आण, पण खरडायला आणि नळी बसवायला. रंग दिवाळीनंतर. पावसात डबा उघडायचा नाही.”